तांबीवर चढणारा थर : गर्भाशयातील साधनांची शंभर वर्षे

गर्भाशयात बसवलेले गर्भनिरोधक साधन काही वर्षांनी बाहेर काढले, तर ते बसवताना होते तसे राहिलेले नसते. नव्या तांबीची तार लालसर, चकचकीत असते आणि तिचा प्लास्टिकचा दांडा पांढरा, गुळगुळीत असतो. पाच-सात वर्षांनी काढलेल्या तांबीची तार काळपट तपकिरी झालेली दिसते. तारेच्या वेढ्यांत आणि कधीकधी दांड्यावरही राखाडी-पांढरा, बोटाला खरखरीत लागणारा थर धरलेला असतो. खाऱ्या पाण्याच्या हंड्याला आतून जसा क्षार धरतो, तशातलाच हा प्रकार आहे. दोन्हीकडे मुख्य पदार्थ कॅल्शियम कार्बोनेट हाच असतो. गर्भाशयातल्या थरात मात्र त्याशिवाय प्रथिने, मेलेल्या पेशींचे अवशेष, रक्तातल्या पेशी आणि पुष्कळदा सूक्ष्मजंतूही असतात.

शरीराबाहेरून आलेली वस्तू शरीरात ठेवली की शरीर तिला तशीच राहू देत नाही. हृदयातली कृत्रिम झडप असो, लघवीची नळी असो की तांबी, प्रत्येकीवर आसपासचा द्रव आपला थर चढवतो. गर्भाशयातल्या साधनांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला, तर रेशीम, चांदी, पोलाद, प्लास्टिक आणि तांबे असा पदार्थांचा क्रम दिसतो. यातल्या प्रत्येक पदार्थाला शरीराने काय उत्तर दिले, हे त्या साधनाच्या पृष्ठभागावर उमटले. आजची तांबी किती वर्षे ठेवायची, तिचा दोरा कसा असावा आणि तिच्यावर तांबे किती असावे, हे नियम त्या पृष्ठभागाच्या अभ्यासातून आणि लाखो बायकांच्या अनुभवातून ठरले आहेत.

रेशीम आणि चांदी

गर्भाशयाच्या पोकळीत पूर्णपणे बसणाऱ्या साधनाची पहिली प्रसिद्ध वैद्यकीय नोंद १९०९ मधली आहे. तेव्हा जर्मनीत असलेल्या वाल्डेनबुर्ग गावातले डॉक्टर रिचर्ड रिख्टर यांनी रेशमाच्या किड्यापासून काढलेल्या चिवट तंतूचे कडे वापरून पाहिले. कडे जागेवर आहे की नाही हे कळावे आणि ते ओढून काढता यावे, म्हणून त्याची निकेल व ब्राँझची बारीक तार गर्भाशयमुखातून बाहेर ठेवलेली असे. त्याआधी एकोणिसाव्या शतकात योनीत बूड आणि गर्भाशयमुखात दांडी अशी साधने वापरात होती. त्यांतून जंतुसंसर्ग वर चढे, म्हणून डॉक्टरमंडळी त्यांच्याकडे संशयाने पाहत.

या संशयाला सबळ कारण होते. प्रतिजैविके अजून यायची होती. गर्भाशयातला आणि ओटीपोटातला संसर्ग त्या काळी बाईच्या जिवावर बेतत असे. बर्लिनचे स्त्रीरोगतज्ज्ञ एर्न्स्ट ग्रेफेनबर्ग यांनी १९२० च्या दशकात यावर सोपा मार्ग काढला. त्यांनी दोरा किंवा तार बाहेर ठेवलीच नाही. सगळे कडे गर्भाशयाच्या आत राहील अशी रचना केली. सुरुवातीचे त्यांचे कडे रेशीमतंतूचे होते, पुढे त्यांनी त्यावर चांदीच्या तारेचे वेढे दिले. १९३० साली झुरिक येथे भरलेल्या संततिनियमन परिषदेत त्यांनी आपले निष्कर्ष मांडले. रेशमाच्या कड्यांत गर्भ राहण्याचे प्रमाण सुमारे ३ टक्के होते, चांदीच्या कड्यांत ते निम्म्यावर आले होते. हा फरक का पडला, हे त्या वेळी कोणालाच सांगता आले नाही. त्या चांदीच्या तारेत पाव हिश्शाहून जास्त तांबे मिसळलेले होते, हे पुष्कळ वर्षांनी उजेडात आले.

जपानमध्ये तेन्रेई ओता यांनी १९३४ मध्ये सोन्याचे किंवा सोन्याचा मुलामा दिलेले कडे आणले. मधे लहान चकती असल्यामुळे ते सहजी निसटत नसे. सोने गंजत नाही आणि शरीराच्या द्रवांशी त्याचा फारसा संयोग होत नाही, हे त्यामागचे गणित होते. मात्र दोन्ही देशांत राजकारण आडवे आले. नाझी राजवटीने संततिनियमनाच्या साधनांवर बंधने घातली. ज्यू असलेल्या ग्रेफेनबर्ग यांना तुरुंगवास भोगावा लागला आणि अमेरिकेतल्या संततिनियमन चळवळीच्या नेत्या मार्गारेट सँगर यांच्या खटपटीमुळे ते १९४० मध्ये अमेरिकेला पोचू शकले. जपानच्या लष्करी सरकारनेही १९३६ मध्ये ओतांच्या कड्यावर बंदी घातली. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे हा विषय वैद्यकीय पुस्तकांत धोक्याचा इशारा म्हणूनच येत राहिला.

याच काळात मुंबईत र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचे केंद्र सुरू केले होते आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून ते या प्रश्नावर लिहीत होते. बाईने मूल कधी आणि किती हे स्वतः ठरवावे, हा विचार मराठी वाचकापुढे तेव्हाच आला. गर्भाशयात बसवायची साधने मात्र महाराष्ट्रात सर्वसामान्य घरांपर्यंत पोचायला आणखी चाळीस वर्षे जावी लागली.

प्लास्टिकचा काळ

१९५९ मध्ये दोन लेखांनी हा विषय पुन्हा वर आणला. इस्रायलमधल्या विली ओपेनहायमर यांनी ग्रेफेनबर्ग यांच्या कड्याचा आपला दीर्घ अनुभव अमेरिकन नियतकालिकात मांडला, तर जपानमधल्या आत्सुमी इशिहामा यांनी ओतांचे कडे वापरणाऱ्या हजारो बायकांची माहिती प्रसिद्ध केली. संसर्गाची भीती वाटत होती तेवढी खरी ठरली नव्हती, हे दोन्ही लेखांवरून दिसले. आता प्रतिजैविकेही हाताशी होती.

नेमके याच वेळी पॉलिथिलीन उपलब्ध झाले होते. या प्लास्टिकला आपला आकार लक्षात राहतो. सरळ करून बारीक नळीत भरले आणि नळीतून गर्भाशयात सोडले, की ते परत मूळ आकारात येते. त्यामुळे धातूच्या कड्यासाठी गर्भाशयमुख जेवढे रुंद करावे लागे, तेवढे करण्याची गरज उरली नाही. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातले लाझार मार्ग्युलिस यांनी प्लास्टिकची गुंडाळी वापरली. बफेलो शहरातले जॅक लिप्पेस यांनी दोन जोडलेल्या ‘एस’ अक्षरांसारखे वळण दिलेले साधन तयार केले. तेच पुढे जगभर ‘लिप्पेस लूप’ म्हणून गेले. क्ष-किरणात दिसावे म्हणून प्लास्टिकमध्ये बेरियम सल्फेट मिसळलेले असे आणि खालच्या टोकाला एकेरी पॉलिथिलीनच्या दोऱ्या बांधलेल्या असत. १९६२ मध्ये पॉप्युलेशन कौन्सिल या संस्थेने न्यूयॉर्कमध्ये या विषयावर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद बोलावली. तिथून लूपचा प्रसार झपाट्याने झाला.

पॉलिथिलीन शरीराशी काही संयोग करत नाही, ते निष्क्रिय आहे, असे तेव्हा मानले जात होते. त्यामुळे त्रास नसेल तर लूप पाळी जाईपर्यंत तसाच ठेवायला हरकत नाही, असा सल्ला सर्रास दिला जाई. पण काही वर्षांनी काढलेल्या लूपांवर पिवळट-पांढरा, कडक थर दिसू लागला. प्लास्टिक स्वतः झिजत नव्हते हे खरे होते. मात्र त्याच्यावर शरीर जो थर चढवत होते, तो निष्क्रिय नव्हता. मूळचा गुळगुळीत लूप खरखरीत झाला की तो अस्तराला घासतो, आणि वर्षे लोटल्यावर काही बायकांना होणारा जादा रक्तस्राव त्यामुळे असावा, असा तर्क काही संशोधकांनी मांडला.

भारतातला लूप

भारत सरकारने १९६५ मध्ये लूपला राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रमात घेतले. कानपूरला लूप तयार करण्याचा कारखाना उभा राहिला. मुंबईत डॉ. रुस्तम सूनावाला यांनीही याच दशकात पॉलिथिलीनचे साधन विकसित केले होते, त्यामुळे या तंत्राचे काम करणारे हात इथेही होते. कार्यक्रमाची सुरुवात जोरात झाली. १९६५-६६ या वर्षात सुमारे ८ लाख आणि पुढच्या वर्षात ९ लाखांहून अधिक लूप बसवले गेले. बसवलेल्या प्रत्येक लूपमागे केंद्राकडून राज्यांना ११ रुपये मिळत.

त्यानंतर आकडे उतरू लागले. १९६८-६९ मध्ये वर्षाची संख्या पाच लाखांच्या आत आली. बायकांना पाळीत जास्त रक्त जाई, ओटीपोटात दुखे, कधी लूप आपोआप निसटून पडे आणि ते लक्षातही येत नसे. यातल्या बऱ्याच तक्रारी सुरुवातीच्या महिन्यांत अपेक्षितच होत्या आणि जगभर त्यांची नोंद होती. पण शिबिरात लूप बसवून गावी परतलेल्या बाईला हे आधी कोणी समजावून सांगितलेले नसे. त्रास झाला तर कुठे जायचे हेही ठरलेले नसे. आधीच रक्त कमी असलेल्या बायकांना हा रक्तस्राव परवडणारा नव्हता. लक्ष्य आकड्यांवर होते आणि बसवल्यानंतरच्या तपासणीकडे दुर्लक्ष झाले. लूपविषयी अफवा पसरल्या, त्यांना या दुर्लक्षाने खतपाणी मिळाले.

साधनावर थर चढायला वेळ लागतो. म्हणून बसवल्यापासून पुढची अनेक वर्षे त्या बाईचा आरोग्यकेंद्राशी संबंध टिकला पाहिजे. तो तुटल्यामुळे त्या काळातले काही लूप काढायचे राहूनच गेले. पुढे दोन-तीन दशकांनी रक्तस्रावाची तक्रार घेऊन आलेल्या वयस्क बायकांच्या तपासणीत क्ष-किरणात लूपचे ओळखीचे वळण दिसल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. बेरियम सल्फेटमुळे ते साधन लपून राहू शकत नव्हते. पण दोरी तुटलेली असे, साधन अस्तरात रुतलेले असे आणि कडक थरामुळे ठिसूळही झालेले असे. अशा वेळी ते सहजी निघत नसे.

तांब्याचा शोध

प्लास्टिकचा लूप जितका मोठा तितका तो जास्त परिणामकारक, पण तितकाच त्रासदायकही. अमेरिकेतले हॉवर्ड टेटम यांनी यावर गर्भाशयाच्या पोकळीला जुळणारा ‘टी’ आकार शोधला. तो लहान होता, त्याने त्रास कमी होत असे. पण नुसत्या प्लास्टिकच्या ‘टी’मध्ये वर्षभरात १०० पैकी सुमारे १८ बायकांना गर्भ राहत असे. म्हणजे ते साधन जवळजवळ निरुपयोगी होते.

चिली देशातले हाइमे त्सिपर सशांवर प्रयोग करत होते. सशाच्या गर्भाशयाला दोन शाखा असतात. एका शाखेत तांब्याची तार ठेवली आणि दुसरी तशीच सोडली, तर तार असलेल्या शाखेत गर्भ रुजत नाही, हे त्यांना दिसले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस टेटम आणि त्सिपर या दोघांनी मिळून ‘टी’च्या दांड्यावर तांब्याची तार गुंडाळली. ३० चौरस मिलिमीटर पृष्ठभागाच्या तांब्याने गर्भ राहण्याचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास आले. २०० चौरस मिलिमीटरला ते १ टक्क्यापर्यंत उतरले. ग्रेफेनबर्ग यांच्या चांदीतल्या तांब्याने काय केले असावे, हे आता उमजले. तांब्याचे आयन गर्भाशयातल्या द्रवात मिसळतात, त्यामुळे शुक्राणूंची हालचाल आणि फलनक्षमता मंदावते. शिवाय अस्तरात जंतूविना होणारी सौम्य दाहप्रक्रिया चालू राहते.

यामुळे साधनाच्या पृष्ठभागाचा प्रश्न अगदी वेगळा झाला. लूपच्या बाबतीत थर हा फक्त त्रासाचा विषय होता. तांबीच्या बाबतीत तो परिणामकारकतेचा विषय झाला, कारण तांबे द्रवात विरघळत राहिले तरच साधन काम करते. त्यावर चुन्याचा कडक थर बसला तर तांबे बाहेर पडायचे थांबेल का? आणि तांबे विरघळत राहिले तर तार किती वर्षांत संपेल? पुढच्या तीस वर्षांचे संशोधन या दोन प्रश्नांभोवती फिरले.

सूक्ष्मदर्शकाखाली

हे संशोधन शक्य झाले ते नव्या उपकरणांमुळे. पृष्ठभागाचे खोलीसह चित्र दाखवणारा स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक १९६५ मध्ये केंब्रिजच्या कंपनीने बाजारात आणला आणि दहा वर्षांत तो मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांत पोचला. काढलेली तांबी रसायनात बुडवून पेशी जागच्या जागी स्थिर करायच्या, अल्कोहोलने पाण्याचा अंश काढायचा, वर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा द्यायचा आणि मग ती उपकरणात ठेवायची, अशी पद्धत होती. सोबत क्ष-किरणांच्या साहाय्याने थरात कोणती मूलद्रव्ये आहेत आणि त्यांचे स्फटिक कोणत्या प्रकारचे आहेत, हेही पाहता येई.

त्यातून थर कसा वाढतो याचा क्रम समजला. साधन आत गेल्यापासून थोड्याच वेळात त्यावर प्रथिनांचे पातळ आवरण येते. मग पांढऱ्या पेशी, लाल पेशी आणि अस्तरातून सुटलेल्या पेशी त्याला चिकटतात. काही महिन्यांत त्यांचे अवशेष तंतुमय, आकारहीन अशा साक्यात मिसळतात. या सेंद्रिय पायावर कॅल्शियमचे स्फटिक जमू लागतात. गर्भाशयाच्या द्रवात कॅल्शियमही असते आणि बायकार्बोनेटही. त्यामुळे तयार होणारा स्फटिक बहुतेक वेळा कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, निघतो. लघवीच्या नळीवर जमणाऱ्या साक्यात फॉस्फेटचे प्रमाण बरेच असते. गर्भाशयातल्या थराचे रसायन त्याहून वेगळे आहे.

तांब्याच्या तारेवर याच्या जोडीला आणखी एक घडामोड चालते. तांब्याचा ऑक्सिजनशी संयोग होऊन लालसर क्युप्रस ऑक्साइडचा थर तयार होतो; गंधक आणि क्लोरीनचे अंशही सापडतात. सुरुवातीच्या आठवड्यांत तांबे जास्त वेगाने सुटते, मग वेग उतरतो आणि बऱ्यापैकी स्थिर राहतो. तार सगळीकडून सारखी झिजत नाही. कुठे खड्डे पडतात, कुठे ती पातळ होते, आणि पातळ जागी तिचे तुकडे पडतात. तांबे संपण्याआधी तुकडे पडण्याचाच धोका मोठा आहे, हे फिनलंडमधल्या संशोधनातून स्पष्ट झाले. त्यावर उपाय म्हणून तिथे चांदीच्या गाभ्यावर तांबे चढवलेली तार आली. तांबे झिजले तरी गाभा तार धरून ठेवतो.

थराचे प्रमाण बाईगणिक फार बदलते, हेही या अभ्यासांत दिसले. एकीच्या साधनावर वर्षभरात जाड थर, तर दुसरीच्या साधनावर पाच वर्षांनंतरही नाममात्र. सर्वसाधारणपणे वर्षांबरोबर थर वाढतो, पण नुसती वर्षे मोजून थराचा अंदाज बांधता येत नाही. १९७७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तांब्याच्या साधनांवरील कॅल्शियमच्या थरावर लेख प्रसिद्ध झाला आणि हा थर तांब्याचा विसर्ग अडवत असावा, ही शंका वैद्यकीय चर्चेत पक्की रुजली. तांबी दोन-तीन वर्षांनी बदलावी, या त्या वेळच्या सावध सल्ल्याला अशा शंकांचा आधार होता.

दोरा आणि जंतू

साधनाचा दोरा हा गर्भाशयाच्या जवळजवळ निर्जंतुक पोकळीपासून योनीपर्यंत जाणारा एकमेव रस्ता. म्हणून दोऱ्यावर काय जमते, याला फार महत्त्व आहे. याचा कठोर धडा अमेरिकेत मिळाला. १९७१ मध्ये तिथे ‘डालकन शील्ड’ नावाचे साधन बाजारात आले. ते निसटू नये म्हणून त्याच्या कडांना काटे होते. बाहेर ओढायला जोर लागे, म्हणून दोरा मजबूत हवा होता. त्यासाठी शेकडो बारीक तंतू एका आवरणात कोंबून दोरा बनवलेला होता. आवरण दोन्ही टोकांना उघडे असल्याने द्रव तंतूंच्या मधून वर चढे आणि त्याच्यासोबत योनीतले जंतूही चढत. एकेरी दोऱ्याच्या बाहेरून असे चढणे गर्भाशयमुखातल्या घट्ट स्रावामुळे अडते. इथे जंतू आवरणाच्या आतून जात होते. हॉवर्ड टेटम यांनी काढलेल्या साधनांचे दोरे तपासून ते दाखवून दिले.

या साधनासह गर्भ राहिलेल्या काही बायकांना गर्भाशयात तीव्र जंतुसंसर्ग झाला; काहींचा मृत्यू झाला. १९७४ मध्ये अमेरिकेत विक्री थांबली. हजारो बायकांनी दावे लावले आणि ए. एच. रॉबिन्स ही उत्पादक कंपनी १९८५ मध्ये दिवाळखोरीत गेली. १९७६ मध्ये अमेरिकेने वैद्यकीय साधनांवर सरकारी तपासणी आणणारा कायदा केला, त्यामागे या प्रकरणाचा मोठा वाटा होता. तेव्हापासून गर्भाशयातल्या साधनांना एकेरी, गुळगुळीत दोरा हाच नियम झाला.

एकेरी दोऱ्यावरही सूक्ष्मजंतू राहतात. १९८३ मध्ये कॅनडातले थॉमस मेरी आणि विल्यम कॉस्टरटन यांनी काढलेल्या साधनांच्या पृष्ठभागांवर स्वतःच्याच चिकट आवरणात वस्ती करून राहिलेले जंतू दाखवले. जंतूंच्या या वस्तीला बायोफिल्म म्हणतात. त्याआधी १९७६ मध्ये प्रबोध गुप्ता आणि सहकाऱ्यांनी अशा बायकांच्या गर्भाशयमुखाच्या स्रावात ॲक्टिनोमायसिस हे जंतू आढळतात, असे नोंदवले होते. साधन जितकी वर्षे आत, तितकी हे जंतू सापडण्याची शक्यता जास्त. पण जंतू सापडणे आणि आजार होणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ताप, ओटीपोटात दुखणे, दुर्गंधीयुक्त स्राव अशी लक्षणे नसतील तर नुसत्या तपासणीत जंतू दिसले म्हणून साधन काढण्याची गरज नाही, हे आज सर्वमान्य आहे.

किती वर्षे ठेवायची

थरामुळे तांब्याचा विसर्ग अडतो का, या शंकेचे उत्तर शेवटी लांब पल्ल्याच्या चाचण्यांनी दिले. १९७० च्या दशकात तयार झालेल्या ‘कॉपर-टी ३८०-ए’ या साधनात तांब्याचा पृष्ठभाग ३८० चौरस मिलिमीटर ठेवला गेला. त्यातला बहुतांश उभ्या दांड्यावरच्या तारेचा आहे. उरलेला दोन आडव्या हातांवर बसवलेल्या तांब्याच्या घट्ट नळ्यांचा. तारेत सुमारे १७६ मिलिग्रॅम आणि प्रत्येक नळीत सुमारे ६९ मिलिग्रॅम तांबे असते. दिवसाला ५० मायक्रोग्रॅम तांबे जाते असे धरले, तर वर्षाला सुमारे १८ मिलिग्रॅम होते. म्हणजे दहा वर्षांनंतरही साठा शिल्लक राहतो. शिवाय नळ्या जाड असल्याने त्यांचे तुकडे पडत नाहीत, आणि त्या वरच्या बाजूला, गर्भाशयाच्या घुमटाजवळ, असतात.

जागतिक आरोग्य संघटना आणि पॉप्युलेशन कौन्सिल यांच्या चाचण्यांत हे साधन वापरणाऱ्या बायकांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले गेले. बारा वर्षांच्या अखेरीस गर्भ राहण्याचे एकत्रित प्रमाण १०० बायकांमागे २.२ निघाले. स्त्रीनसबंदीच्या आकड्यांशी ते तुलना करण्याजोगे होते. साधनांवर थर चढत होता, तार काळी पडत होती, तरीही परिणाम टिकून होता. कॅल्साइटचा थर सलग नसतो, त्याला भेगा आणि छिद्रे असतात; तांब्याचा विसर्ग कमी झाला तरी गरजेपुरता चालू राहतो, असे यावरून दिसते. दोन-तीन वर्षांनी बदलण्याचा जुना सल्ला या आकड्यांपुढे टिकला नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८४ मध्ये या साधनाला मान्यता दिली. मुदत आधी चार वर्षे होती, ती टप्प्याटप्प्याने दहा वर्षांपर्यंत वाढली.

भारतात लूपची जागा १९७५ पासून ‘कॉपर-टी २००’ घेऊ लागली. तिची मुदत तीन वर्षांची होती. आरोग्यसेविकांच्या रजिस्टरात आणि बायकांच्या बोलण्यात ‘तांबी’ हा शब्द याच काळात रूढ झाला. ‘कॉपर-टी ३८०-ए’ २००२ मध्ये सरकारी कार्यक्रमात आली आणि मुदत दहा वर्षांची झाली. २०१२ मध्ये पाच वर्षांची ‘कॉपर ३७५’ आली. प्रसूतीनंतर लगेच, ४८ तासांच्या आत तांबी बसवण्याची पद्धतही २०१० पासून सरकारी रुग्णालयांत सुरू झाली. उपकेंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत तांबी मोफत मिळते.

फिनलंडमधले तापानी लुक्काइनेन यांनी घडवलेले, लिव्होनॉरजेस्ट्रेल हे संप्रेरक रोज सूक्ष्म प्रमाणात सोडणारे साधन १९९० पासून फिनलंडमध्ये विक्रीला आले. त्यात तांबे नाही. त्याने अस्तर पातळ होते आणि पाळीतला रक्तस्राव घटतो. थर त्याच्यावरही चढतो; मात्र इथे संप्रेरक सिलिकोनच्या साठ्यातून झिरपत येत असल्याने मुदत त्या साठ्यावर ठरते.

जागा सोडलेली आणि राहून गेलेली साधने

थराचे सर्वांत टोकाचे रूप साधनाने जागा सोडल्यावर दिसते. बसवताना किंवा नंतर क्वचित साधन गर्भाशयाच्या भिंतीतून बाहेर जाते. ते मूत्राशयात शिरले तर लघवीतले क्षार त्याभोवती जमू लागतात आणि काही वर्षांत पूर्ण मुतखडा तयार होतो. भारतासह अनेक देशांतल्या वैद्यकीय नियतकालिकांत अशा नोंदी आहेत. क्ष-किरणात खड्याच्या पोटात ‘टी’चा आकार स्पष्ट दिसतो. लघवीला वारंवार आग, वारंवार संसर्ग आणि पूर्वी बसवलेल्या तांबीचा दोरा न सापडणे, या तीन गोष्टी एकत्र आल्या की डॉक्टर हा विचार मनात आणतात. दोरा सापडत नाही म्हणजे साधन पडले, असे धरून चालत नाही; सोनोग्राफी किंवा क्ष-किरणाने खात्री करावी लागते.

मुदत संपलेले साधन आत राहिले तर लगेच धोका होतो असे नाही. पण तांबे कमी झालेले असते, तार तुटण्याची शक्यता वाढलेली असते, थर जाड झालेला असतो आणि पाळी गेल्यावर गर्भाशय आकसल्याने साधन अस्तरात रुतू शकते. म्हणून पाळी कायमची थांबल्यावर साधन काढून घ्यावे, असे सांगितले जाते. आज गर्भाशयात दुर्बीण घालून रुतलेले साधन डोळ्यांसमोर ठेवून काढता येते. १९६० च्या दशकात लूप बसवलेल्या बायकांना ही सोय नव्हती.

या सगळ्यांतून एक व्यावहारिक नियम पक्का झाला आहे. तांबी बसवली त्या दिवशी बाईच्या हाती कार्ड द्यायचे. त्यावर साधनाचा प्रकार, बसवल्याची तारीख आणि काढण्याची किंवा बदलण्याची तारीख लिहायची. पुढची तपासणी कधी, हे सांगायचे. पाळीनंतर दोरा जागेवर आहे का हे कसे पाहायचे, ते शिकवायचे. कोणती लक्षणे दिसली तर मुदतीची वाट न पाहता यायचे, तेही सांगायचे. शरीर साधनावर थर चढवणारच. तो किती चढला हे बाहेरून कळत नाही. बाईला तिच्या साधनाची तारीख माहीत असणे आणि तपासणीसाठी तिला आरोग्यकेंद्राचे दार उघडे असणे, यावरच त्या साधनाची सुरक्षितता अवलंबून आहे.